तीन मॅच झाल्या नाहीत तोच कोचला हाकलायला निघाले

डोकं फिरलंय माझं, खरंच. कालची मॅच संपून पाच मिनिटं झाली नव्हती आणि आमच्या टीमच्या फॅन्सच्या ग्रुपवर नव्या कोचवरून सुरू, हाकला याला, याच्यापेक्षा जुना परवडला, याला फुटबॉलमधलं काय कळतं. अरे तीन मॅच झाल्यात त्या माणसाच्या, तीन! एक ड्रॉ आणि दोन हरलो. आणि हेच लोक दोन आठवड्यांपूर्वी त्याचा फोटो डीपीला लावून बसले होते, आता बघा आपली टीम, आता बघा प्रेसिंग, म्हणजे बॉल गेला की लगेच समोरच्याच्या अंगावर धावून जाणं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काही नाही.

मला सांगा, कालची मॅच बघितली का कोणी नीट? की नुसता स्कोअर बघितला? ६३व्या मिनिटाला आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा डिफेंडर, सरळ आत मिडफिल्डमध्ये शिरला, त्यांचा विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा, त्याच्या मागे आत ओढला गेला, साइडलाइनपाशी आमचा विंगर एकटा मोकळा, सेंटर बॅकने बॉल थेट त्याला दिला आणि तीन पासमध्ये आम्ही त्यांच्या बॉक्समध्ये. शॉट पोस्टला लागला. मी खुर्चीतून उठले होते. कारण हाच लेफ्ट बॅक जुन्या कोचच्या हाताखाली अख्खा सीझन लाइनला चिकटून असायचा, बॉल आला की मागे गोलकीपरकडे. म्हणजे कोणीतरी त्याला हे शिकवलंय, दोन आठवड्यांत शिकवलंय, आणि तो ते मॅचमध्ये करून बघतोय. ग्रुपवर त्याबद्दल एक मेसेज नाही. मग ८१व्या मिनिटाला कॉर्नरवर नियर पोस्टच्या, म्हणजे कॉर्नरच्या बाजूच्या खांबापाशी उभ्या असलेल्या, आमच्या माणसाची उडी चुकली, गोल बसला, आणि दीडशे मेसेज.

बरं त्या कॉर्नरच्या आधी बेंचवरून टॅब्लेट घेतलेला एक माणूस उठून लाइनपाशी आला आणि कोच मागे जाऊन बसला. तर एक जण लिहितो, कोच झोपलाय, हा मधेच कोण उठला. अरे तो सेट पीस कोच आहे, कॉर्नर, फ्री किक असले थांबलेले बॉल बसवणारा! टेक्निकल एरियातून, म्हणजे बेंचसमोर आखलेल्या जागेतून, एका वेळी एकानेच सूचना द्यायच्या असा नियम आहे, म्हणून कॉर्नर आला की हा पुढे येतो आणि हेड कोच मागे सरकतो. वर्षानुवर्षं मॅच बघता आणि बेंचवर कोण बसलंय, कोण काय करतंय हे कधी बघावंसं वाटलं नाही?

आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. हेड कोचचं नाव जाहीर झालं की लोक त्याचे आकडे काढतात, किती मॅच, किती जिंकल्या, कुठली ट्रॉफी. त्याच्याबरोबर कोण येतंय हे एक माणूस विचारत नाही. रोजची ट्रेनिंग बऱ्याच क्लबमध्ये असिस्टंट घेतात, गोलकीपर दिवसभर गोलकीपिंग कोचबरोबर असतात, कोण किती पळणार हे फिटनेसवाला ठरवतो. हेड कोच ठरवतो कसं खेळायचं, पण ते प्लेअरच्या पायात उतरवतात ही बाकीची माणसं. मग मूल्यमापन एकट्याचं कसं करता?

मँचेस्टर युनायटेडमध्ये फर्ग्युसननंतर आलेल्या मोयेसचं काय झालं आठवतंय? २०१३ मध्ये चॅम्पियन टीम हातात आली आणि त्याने फर्ग्युसनचा जवळजवळ सगळा स्टाफ बदलला, फेलन गेला, म्युलेनस्टीन गेला, गोलकीपिंग कोच स्टील गेला. प्लेअर तेच, पण त्यांना वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं एका उन्हाळ्यात बाहेर. एप्रिल २०१४ ला मोयेसही बाहेर, टीम सातवी. तेवढं एकच कारण होतं असं मी म्हणत नाही, पण ते छोटं कारणही नव्हतं. आणि दुसरीकडे क्लॉप २०१५ मध्ये लिव्हरपूलला आला तेव्हा बुवाच आणि क्राविट्झ ही स्वतःची माणसं आणली, पण आधीपासून तिथे असलेले लाइंडर्स आणि गोलकीपिंग कोच आख्टरबर्ग यांना ठेवून घेतलं. पुढे २०१८ मध्ये नुसत्या थ्रो-इनसाठी, म्हणजे साइडलाइनवरून हाताने बॉल आत टाकण्यासाठी, एक वेगळा कोच आणला, ग्रोनेमार्क, तेव्हा लोक हसले. पुढच्याच वर्षी चॅम्पियन्स लीग, त्याच्या पुढच्या वर्षी लीग.

जुनं उदाहरण पाहिजे तर इंग्लंडमधला कोच ब्रायन क्लफ घ्या. १९७४ मध्ये लीड्सला गेला, त्याचा जोडीदार पीटर टेलर ब्रायटनलाच राहिला, ४४ दिवसांत क्लफ बाहेर. तोच क्लफ नंतर नॉटिंगहॅम फॉरेस्टला टेलर सोबत असताना १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप घेऊन आला. माणूस तोच आहे ना? मग?

आता आमच्याकडे काय केलंय बघा. सीझनच्या मधे आणलं त्याला आणि स्वतःची माणसं किती आणू दिली, तर दोन. एक असिस्टंट आणि हा सेट पीसवाला. बाकी फिटनेसवाले जुने, अ‍ॅनालिस्ट जुने, मेडिकल जुनं. जुना कोच टीमला मागे, आपल्या गोलपाशीच थांबवून ठेवायचा, शरीराला तेवढ्याचीच सवय, आणि आता नवीन कोच म्हणतो बॉल गेला की पहिल्या पाच सेकंदांत तुटून पडा. अरे त्या स्प्रिंट वाढवत न्यायला काही आठवडे लागतात, एकदम वाढवल्या की हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, जाते, आणि तेच झालं, दुसऱ्या मॅचला राइट विंगर मांडी धरून बाहेर. लगेच ग्रुपवर, याने प्लेअर मोडले. वरच्या लोकांनी फिटनेसचा माणूस आणू दिला नाही याबद्दल बोला ना! मालकांना, डायरेक्टरना कोणी काही म्हणत नाही, बळीचा बकरा कायम लाइनवर उभा असलेलाच.

आणि शिकवायला वेळ कुठे मिळाला? दर तीन-चार दिवसांनी मॅच. मॅचच्या दुसऱ्या दिवशी खेळलेल्यांची रिकव्हरी, म्हणजे सायकल, मसाज, थोडं जॉगिंग. मॅचच्या आदल्या दिवशी हलकंच, कारण पाय ताजे पाहिजेत. मधे उरला एक दिवस, कधी तोही प्रवासात. म्हणजे आल्यापासून पूर्ण जोराचं ट्रेनिंग त्याला तीन नाहीतर चार वेळा मिळालं असेल. त्यात डिफेन्स लाइन किती वर ठेवायची, प्रेसचा इशारा कोणाचा, गोलकीपरने कुठे उभं राहायचं, कॉर्नरला कोणी कोणाला पकडायचं, सगळं बसवायचं? पी हळद आणि हो गोरी.

झाबी अलोन्सोचं नाव तर माझ्यापुढे घेऊच नका. काल एकाने घेतलंच, अलोन्सोने बघ कशी टीम फिरवली म्हणे. बघते ना, तूपण बघ. ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीतली लेव्हरकुसेन लीगमध्ये शेवटून दुसरी असताना आला, पहिली मॅच ४-० जिंकला. दुसरी पोर्तोविरुद्ध घरच्या मैदानावर ०-३ हरला. तिसरी फ्रँकफर्टमध्ये १-५. तीन मॅचमध्ये आठ गोल खाल्ले! आमच्या ग्रुपच्या हिशोबाने त्याच रात्री त्याला घरी पाठवायला हवं होतं. तो सीझन सहाव्या नंबरवर संपवला आणि पुढच्या सीझनला लीगच्या ३४ पैकी एकही मॅच न हरता चॅम्पियन. फर्ग्युसन युनायटेडला नोव्हेंबर १९८६ ला आला आणि पहिली ट्रॉफी १९९० ला मिळाली, त्या सीझनला लीगमध्ये तेरावे होते.

आणि उलटंही तितकंच चुकीचं आहे हं. समजा पहिल्या तिन्ही मॅच जिंकलो असतो तरी मी नाचले नसते. कोचला काढतात कधी, तर टीम सगळ्यात वाईट फॉर्मात असते तेव्हा, पोस्टला लागतंय, कोणाच्या तरी पायाला लागून वळलेल्या बॉलने गोल बसतायत. त्यातलं बरंचसं नशीब असतं आणि ते कोच बदलला नाही तरी हळूहळू फिरतंच. मग नवीन माणूस दोन मॅच जिंकला की जादूगार आणि दोन हरला की मूर्ख, दोन्ही वेळा त्याने काय केलं हे कोणी बघितलेलंच नसतं.

चुका आहेत त्याच्या, मी आंधळी नाहीये. काल ७० मिनिटं झाली तरी एकही बदल केला नाही, पाच सब असताना, आणि मिडफिल्डमधले दोघं पळून पळून संपलेले दिसत होते. दुसऱ्या मॅचला डिफेन्स लाइन इतकी वर, म्हणजे आपल्या गोलपासून इतकी पुढे ठेवली की त्यांचा स्ट्रायकर दोनदा एकटा सुटला. यावर भांडा ना माझ्याशी, रात्रभर भांडेन मी. पण हाकला, हाकला, हाकला, याला चर्चा म्हणतात? आधीच्या तीन कोचचं हेच केलं, चार वर्षांत चौथा माणूस आहे हा, प्रत्येक जण वेगळ्या पद्धतीचे प्लेअर घेऊन गेला आणि आता स्क्वॉडमध्ये चार डोक्यांनी आणलेली माणसं एकत्र खेळतायत.

पुढच्या मॅचच्या आधी पहिल्यांदाच पूर्ण सहा दिवस मिळतायत त्यांना. पहिला कॉर्नर आला की नियर पोस्टला कोण उभा आहे, कालचाच की दुसरा, आणि तो उडी कधी मारतो ते बघा, मग लिहा ग्रुपवर काय लिहायचंय ते.