लायसन्स मिळालं, गाडी कुणी शिकवलीच नाही

महिन्यापूर्वी पोस्टमन हेवीच्या, म्हणजे ट्रकच्या, लायसन्सचं पाकीट देऊन गेला. आई म्हणाली, देवापुढं ठेव. मी ठेवलं नाही. टीव्हीच्या मागं सारलं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो. दोन वर्षं ज्याच्यामागं फिरलो ते कार्ड हातात आलं, अन् मला त्याच्याकडं बघवेना. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहायलोय.

नऊ वर्षं मी विनाअनुदानित शाळेत मास्तर होतो. अनुदानाचा टप्पा येणार, वीस टक्के येणार, चाळीस टक्के येणार, असं ऐकत पोरांना गणित शिकवलं आणि सुट्टीत दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढलं. मांजरा नदीकाठी आमची दीड एकर आहे. नदी शेजारी असली तरी उन्हाळ्यात प्यायला टँकरच. पोरगी पहिलीत गेली तेव्हा ठरवलं की आता बास. गावातली दोन पोरं कंटेनरवर आहेत, त्यांच्या घरात दर महिन्याला पैसा येतोय. मीही हेवी शिकायचं म्हटलं. वडील चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "मास्तरकी सोडून डायवरकी करायलास?" मी म्हणालो, "दादा, शिकून करणार आहे. नीट शिकून."

मला काय माहीत की शिकायचंच कुठं मिळत नाही.

माझ्याकडं फक्त मोटारसायकलचं लायसन्स होतं. ट्रान्सपोर्टचं, म्हणजे ट्रकसारख्या धंद्याच्या गाडीचं, लर्निंग काढायला लाइट मोटारचं, म्हणजे छोट्या चारचाकीचं, लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. हा नियम मला पटतो. भरल्या रस्त्यावर एक वर्ष चार चाकं सांभाळल्याशिवाय कुणाला ट्रकवर बसवूच नये. मी ते वर्ष वाया घालवलं नाही. गावातल्या एकाच्या पिकअपवर भाजीपाला नेला, रात्री दोनला उठून. त्याचा मालक आधी घाबरायचा, लाइटच्या लायसन्सवर मालवाहू गाडी दिली तर इन्शुरन्सवाले पैसे देणार नाहीत म्हणायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की ७५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी लाइटच्या लायसन्सवर चालवता येते. मग कुठं त्यानं मोकळ्या मनानं चावी दिली.

वर्ष भरलं आणि मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेलो. नाव घेत नाही. नाव घेऊन उपयोगही नाही, मी तीन ठिकाणी फिरलो, तिन्हीकडं एकच भाषा.

मी विचारलं, "ट्रेनिंग किती दिवसांचं आहे?"

"कशाचं ट्रेनिंग, सर? पिकअप चालवायलात ना तुम्ही? मग झालं की. ट्रक काय वेगळा असतोय का? चौदा हजार द्या, बाकी सगळं आमच्याकडं. तुम्ही फोटोला अन् ट्रायलला तेवढं या."

ट्रक काय वेगळा असतोय का! शिकवायचं लायसन्स घेऊन बसलेला माणूस हे बोलतोय. अरे, वेगळाच असतोय. दहा टायरची गाडी कायद्यात बसेल एवढाच माल भरला तरी साडेअठ्ठावीस टनांची होते. तिला एअर ब्रेक असतात. हवेच्या दाबाचा काटा वर आल्याशिवाय गाडी जागची हलवायची नसते. उतारावर सारखा पाय दाबून ठेवला तर ब्रेकचे लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे आहेत, आणि त्यातले काही खाली दरीत सापडतात. ज्या गिअरला घाट चढलास त्याच गिअरला उतर, हे मला गावातल्या कंटेनरवाल्या पोरानं चहाच्या टपरीवर सांगितलं. फुकट. चौदा हजार घेणाऱ्यानं सांगितलं नाही. धारूरच्या घाटात एकदा ज्यानं मागं भरलेला ट्रक असताना पिकअप चालवली आहे, त्याला विचारा ट्रक वेगळा असतो का.

बरं, चौदा हजार कशाचे? लर्निंग, ट्रायल, लायसन्सवर नवीन वर्ग चढवायची फी, स्मार्ट कार्ड, सगळी सरकारी फी मिळून दीड हजारसुद्धा होत नाही. पण ट्रान्सपोर्टच्या अर्जाला ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५ लावावंच लागतं. त्यांच्या सर्टिफिकेटशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. आणि ट्रायलला ट्रक आपण आणायचा. मास्तर कुठून आणणार ट्रक? तोही त्यांचाच. म्हणजे दार एकच आणि दारावर हे बसलेले.

पैसे भरले. बायकोच्या बचत गटातून उचल घेऊन भरले.

नियम मी वाचलेत. मोटार वाहन नियमांत ट्रान्सपोर्टच्या शिकाऊ माणसाला किमान ३० दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १५ तास सांगितलेत. प्रथमोपचार आणि आग विझवणंसुद्धा अभ्यासक्रमात आहे. १९८९ चे नियम आहेत हे, काल आलेले नाहीत. मला किती मिळालं? दोन वेळा मिळून चाळीस मिनिटं. एमआयडीसीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर, रिकामा ट्रक, दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. शेजारी बसलेला पोरगा मोबाईलवर. मी म्हणालो, रिव्हर्स शिकव. तो म्हणाला, ट्रायलला रिव्हर्स जास्त बघत नाहीत. मी म्हणालो, भरलेल्या गाडीवर एकदा बसव. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, जणू मी त्याच्याकडं उसने पैसे मागितले.

मेडिकलचं तर विचारूच नका. फॉर्म १-अ वर डॉक्टरनं डोळे, कान, रंग ओळखता येतात का, रात्रीचं दिसतं का, हे तपासून सही करायची असते. मला डॉक्टर दिसलाच नाही. सही-शिक्का आधीच मारून आलेला कागद माझ्या हातात दिला. मला चष्मा आहे. समोरच्या गाडीच्या लाइटनं रात्री मला त्रास होतो का, हे या दोन वर्षांत एकाही माणसानं विचारलं नाही. पंचवीस-तीस टन घेऊन रात्रभर रस्त्यावर असणाऱ्या माणसाच्या डोळ्यांबद्दल कुणालाच काही पडलेलं नाही!

ट्रायलच्या दिवशी सकाळी नऊपासून उन्हात उभे. आमच्या स्कूलची एकच गाडी आणि तिच्यावर आम्ही चौदा जण. नंबर आला तेव्हा तीन वाजले होते. गाडी सुरू, पहिला गिअर, दुसरा गिअर, थोडं पुढं, वळवा, थांबा. उतरा. पुढचा. माझ्या आधी जो चढला त्याला गाडी दोनदा बंद पडल्यावर शेजारच्यानं हात धरून गिअर टाकून दिला. तोही पास. मी पास. चौदाच्या चौदा पास. परतीच्या जीपमध्ये पोरं पेढे वाटत होती. त्यातली निम्मी वीस-एकवीसची कोवळी पोरं. मी वर्गात शिकवली असती त्या वयाची. ती उद्या रस्त्यावर उतरणार आहेत, आणि समोरून माझी बायको पोरीला स्कूटीवर मागं घेऊन येणार आहे.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. हा सरकारी आकडा आहे. अपघात झाला की पेपरात छापून येतं, "चालकाचा गाडीवरील ताबा सुटला." ताबा होता कधी? त्याला ताबा शिकवला होता कुणी? हिट अँड रनला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम केलं, त्यावर जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, मग ते कलम लागू करायचं थांबवलं. पळून जाणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण शिक्षा लिहिताना जेवढी तत्परता दाखवली तेवढी पंधरा तास मोजताना का नाही?

आता लायसन्स आलं, तर काम बघा. नितीन गडकरी सांगतात, देशात २२ लाख चालकांची कमतरता आहे. मी त्या २२ लाखांतली एक जागा मागायला वाळूजला गेलो, जालन्याला गेलो. एक म्हणतो, हेवीचा तीन वर्षांचा अनुभव आणा. लायसन्स महिन्यापूर्वीचं, तीन वर्षं कुठून आणू? दुसऱ्यानं काहीच विचारलं नाही. माझं कार्ड पाहिलं आणि म्हणाला, "आज रात्री सळई भरून नागपूरला निघा, समृद्धीनं सरळ जायचंय." सरळ जायचंय म्हणे! मी आयुष्यात भरलेली गाडी एक फूट हलवलेली नाही, आणि हा मला सळई देऊन रात्री रस्त्यावर सोडणार होता. मी नाही म्हणालो. तो बिनधास्त पुढच्या पोराला फोन लावायला लागला. त्या पोरानं हो म्हटलं असेल, घरी चूल पेटवायची असते प्रत्येकाला.

पूर्वी माणूस क्लीनर म्हणून लागायचा. चार-पाच वर्षं उस्तादाच्या शिव्या खात टायर बदलायचा, ताडपत्री बांधायचा, मग रिकाम्या रस्त्यावर थोडंथोडं स्टिअरिंग हातात यायचं. फार हाल होते त्यात, पोरांना राबवून घ्यायचे. पण गाडी यायची. आता मालकांनी पगार वाचवायला क्लीनरच बंद केला, ड्रायव्हर एकटाच निघतो. मी एका मालकाला म्हणालो, तीन महिने बिनपगारी बसतो ड्रायव्हरच्या शेजारी, जेवण माझं मी बघतो. तो म्हणाला, "सर, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला क्लीनर ठेवलं तर लोक काय म्हणतील?" लोक! मला गाडी शिकवा, लोकांचं मी बघून घेतो.

२०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. हेवीसाठी दोन एकर जागा, सिम्युलेटर, सहा आठवड्यांत ३८ तास. वाचून मला खरंच बरं वाटलं होतं. हेच पाहिजे. पण माझ्या घरापासून एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं एकही केंद्र मला सापडलं नाही. सहा आठवडे परगावी राहायचं तर खोलीचं भाडं, खानावळ, आणि घरी कमाई शून्य. ज्याला धंदा बदलायचाय त्याच्याकडं तेवढे पैसे असते तर त्यानं धंदा बदलला असता कशाला?

एक गोष्ट सांगायची राहिली. फॉर्म १५ म्हणून एक रजिस्टर असतं, कोणत्या शिकाऊनं कोणत्या तारखेला किती वेळ गाडी चालवली त्याची नोंद ठेवायचं. ट्रायलच्या आदल्या दिवशी स्कूलवाल्यानं ते माझ्यापुढं ठेवलं. तीस तारखा आधीच लिहिलेल्या. समोर इन्स्ट्रक्टरच्या सह्या झालेल्या. मी म्हणालो, हे खोटं आहे. तो म्हणाला, "मग उद्या येऊ नका, सर." मागं तेरा पोरं उभी होती, बचत गटाचा हप्ता सुरू झाला होता. मी सह्या केल्या. एका बसणीत, एकाच पेनानं, तीस सह्या. नऊ वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल पेनानं सही करणाऱ्या माणसानं. रविवारच्या तारखेपुढंसुद्धा केली.

ते रजिस्टर अजून त्या टेबलाच्या खणात आहे. सोमवारी मी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज देणार आहे, माझ्या स्वतःच्या नावानिशी. त्या तीस सह्या माझ्या आहेत आणि त्या खोट्या आहेत, असं त्यात लिहिणार आहे. माझं लायसन्स रद्द केलं तर करा. पण ते रजिस्टर उघडून त्या चौदा जणांना एकेक करून विचारा, तुम्ही किती वेळ गाडी चालवली होती.