खुलासा : लघवीची जळजळ आणि ‘निगेटिव्ह’ कल्चर

लघवीला जळजळ होत असूनही कल्चर (लघवीतील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह आले तर जंतुसंसर्ग नसतोच, आणि मूत्रमार्ग रुंद करून घेतला की त्रास कायमचा जातो, असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. हे दोन्ही दावे दिशाभूल करणारे आहेत.

संसर्ग आहे असे म्हणण्यासाठी प्रयोगशाळा पूर्वापार लघवीच्या एका मिलिलिटरमागे १,००,००० जंतूंची मर्यादा धरत आल्या. मात्र १९८० मध्ये अमेरिकेत स्टॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा तक्रारी असलेल्या अनेक स्त्रियांच्या मूत्राशयात त्याहून कितीतरी कमी जंतू आढळले, तर काहींना नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतच नाही अशा क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतूचा संसर्ग होता. त्याची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते, आणि तो सापडल्यास डॉक्सिसायक्लिनसारखे औषध (गरोदरपणी मात्र दुसरे) दिले जाते. जोडीदाराचेही उपचार व्हावे लागतात, जे आपल्याकडे बहुधा राहूनच जाते.

रजोनिवृत्तीनंतरच्या त्रासात योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेन मलम उपयोगी पडते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतील तर फिजिओथेरपी. मूत्रमार्ग रुंद करण्याची प्रक्रिया एकेकाळी सर्रास होत असे, परंतु तिच्या फायद्याचा भक्कम पुरावा नाही, उलट व्रण राहून मार्ग आकसण्याचा धोका असतो. त्यामुळे पहिल्याच भेटीत ती सुचवली गेल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.