कपाटाची किल्ली आणि उडणारा सरडा

बेळगावात मराठी पाट्यांच्या प्रकरणावरून डोकी आधीच तापलेली होती. त्यात सुऱ्या उद्यमबागेतल्या कारखान्यातून सुटून थेट कट्ट्यावर आला आणि डब्याच्या पिशवीतून त्याचं पुस्तक अर्धं बाहेर डोकावत होतं. बंड्यानं ते ओढून काढलं. मुखपृष्ठावरची अक्षरं कानडी.

"हे काय गा?"

"पुस्तक."

"ते दिसायलंय मला. कानडी?"

"कानडीच. तेजस्वींचं 'कर्वालो'. कानडी कवी कुवेंपूंचा मुलगा तो."

"मर्दा, पाट्यांसाठी आम्ही तिकडं लाठ्या खायच्या, आणि तू इकडं हे वाचायचं?"

चहाच्या गाडीमागून अण्णा बोलले, "बंड्या, लाठी कधी खाल्लीस तू? परवा गर्दी पांगली तेव्हा माझ्या गाडीमागं उभा होतास. दोन चहा प्यालास. त्याचे पैसे द्यायचे आहेत अजून."

बंड्याचं हे असं आहे. समोर माईक नसला तरी तो माईकसमोर असल्यासारखाच बोलतो. एक नोव्हेंबरच्या, काळ्या दिनाच्या सायकल फेरीत तो दरवर्षी पहिल्या रांगेत असतो, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर आहे. खरं पुस्तकाचा विषय निघाला की तो अख्ख्या मराठी भाषेचा वकील होतो आणि अशिलाला बोलूच देत नाही.

सुऱ्यानं शांतपणे पुस्तक परत घेतलं, ओल्या कट्ट्यावरून उचलून शर्टाला पुसलं. शाळेत कानडी सक्तीचं होतं म्हणून त्यानं ते मनापासून नावडतं ठेवलेलं. हे पुस्तक त्याला दिलं त्याच्या शेजारच्या लेथवरच्या बैलहोंगलच्या मित्रानं. रात्री जेवण झाल्यावर थोडं वाचायचं, अडलं की सकाळी चहाच्या सुट्टीत त्याला विचारायचं, असं त्याचं चाललंय.

"आहे काय त्यात एवढं?" मी विचारलं.

"मूडिगेरेच्या बाजूला एक शेतकरी आहे, शेतीला पार वैतागलेला. तोच सांगतोय सगळं. तिथं एक मंदण्णा म्हणून पोरगा. गावानं ओवाळून टाकलेला, कामाचा ना धामाचा. खरं रानात शिरला की त्याला जे दिसतं ते कुणाला दिसत नाही. आणि हा कर्वालो म्हणजे मोठा शास्त्रज्ञ, तो ह्या मंदण्णाच्या मागं मागं फिरायलाय. गाववाल्यांना कळेना, हा एवढा शिकलेला माणूस ह्या उनाडाला एवढा मान का देतोय."

सुऱ्या एरवी दोन वाक्यांपलीकडं बोलत नाही. त्या दिवशी थांबेना. म्हणाला, "आमच्या शॉपमध्ये एक म्हातारा आहे बघ. शाळा चौथीपर्यंत. कास्टिंगवर हातोडी मारतो, कान देतो आणि सांगतो, ह्याला आत भेग आहे, मशीनवर चढवू नका. नवीन इंजिनिअर पोरं हसतात. मग मशीनवर चढवतात, आणि निघते की भेग. 'कर्वालो' वाचताना मला तो म्हातारा दिसायला लागला. इतकी वर्षं त्याच्या शेजारी काम केलं, कधी त्याच्याजवळ बसून चार गोष्टी विचारल्या नाहीत."

एखादं पुस्तक माणसाला याहून जास्त काय देणार?

बंड्याला मात्र यातलं काहीच पोचलं नव्हतं. "आणि शोधायलेत काय रानात?"

"उडणारा सरडा."

"थापा!"

"थापा कशाच्या?" अण्णा म्हणाले. त्यांचं आजोळ कणकुंबीकडचं. "जांबोटीच्या पुढच्या रानात आहे की. ह्या झाडावरून त्या झाडावर जातो. अंगाच्या दोन्ही बाजूंचं कातडं असं पसरतं, पंख्यासारखं. लहानपणी बघितलाय मी."

"मग सापडतो काय शेवटी?"

"ते मी सांगणार नाही," सुऱ्या म्हणाला. "वाच."

"मी? कानडी? मेलो तरी नाही."

इतक्यात मेघा आली. तालुक्यातल्या एका मराठी शाळेवर शिकवते, येताना गाडीच्या डिकीत मुलांच्या वह्या असतातच. काय चाललंय ते तिला सांगावं लागलं नाही, बंड्याचा आवाज गेटपलीकडं ऐकू जात होता.

"मेघा, तूच सांग ह्याला. आज पुस्तक कानडी, उद्या पोरं कानडी शाळेत. असंच मराठी जातं."

"कानडी वाचून मराठी जातं?" ती म्हणाली. "द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठी बोलायचे. कविता कानडीत केली, ज्ञानपीठ घेतलं १९७३ चं. मराठीतही लिहिलं. गेली त्यांची मराठी?"

"ते बेंद्रे. आपण बेंद्रे नव्हं."

"मग आपण कोण? बरं, तुझं आवडतं सांग. गणपतीत स्टेजवर दरवर्षी काय म्हणून दाखवतोस?"

"'रावसाहेब'! पुलंचं!" बंड्या खुलला. 'गणगोत'मधले रावसाहेब हा त्याचा हुकमी एक्का. पुलं इथं आरपीडी कॉलेजात शिकवायला होते, हे तो असं सांगतो की जणू पुढच्या बाकावर हाच बसायचा.

"त्या रावसाहेबांच्या बोलण्यातला कानडी हेल काढून टाक. मग म्हण बघू स्टेजवर. कोण हसतंय बघते."

बंड्यानं चहाचा घोट घेतला. मी त्याच्याकडं बघत होतो, उत्तर काही सुचत नव्हतं. आणि 'गणगोत' निघाल्यावर सुऱ्याला जुनी जखम आठवली.

"माझं 'गणगोत' कुठाय रे? आमच्या भावाच्या लग्नाच्या आधी नेलंस. त्याचा पोरगा आता शाळेत जातोय."

"आहे. कपाटात आहे."

"मग दे की."

"देतो. किल्ली सापडेना झालीय कपाटाची."

बंड्याचं हे कपाट सगळ्यांना माहीत आहे. हॉलमध्ये सोफ्याच्या वर, काचेचं. त्यात 'स्वामी' आहे, 'श्रीमान योगी' आहे, ग्रंथप्रदर्शनातून संचच्या संच उचलून आणलेले चरित्रग्रंथ आहेत. सगळ्यांचे कणे एका रेषेत. पाहुणे आले की तो कपाटासमोर उभा राहून फोटो काढून घेतो. कोवाडच्या रणजित देसाईंवर बोलताना त्याचा गळा भरून येतो, आणि कोवाड इथून तासाभरावर आहे. खरं माधवराव पेशव्यांचं मरण 'स्वामी'त कसं आलंय असं विचारलं, तर तो मालिकेतलं सांगायला लागतो.

त्यानं मग ठेवणीतलं काढलं. "मेघा, हे गाव कुठलं आहे? १९४६ ला ह्याच बेळगावात साहित्य संमेलन झालं. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथं झाला! माडखोलकर अध्यक्ष! आणि त्या गावात आपण कानडी पुस्तकांचं कौतुक करायचं?"

"माडखोलकर कादंबरीकार होते, बंड्या. त्यांची कुठली वाचलीस?"

अण्णांनी स्टोव्हची हवा सोडली. एवढाच आवाज झाला.

मी मेघाच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. ठरावाचं मोल मला आहे. आमच्या घरातल्या दोन पिढ्या त्या ठरावावर जगल्या. खरं ज्या माणसांनी तो ठराव केला ती लिहिणारी-वाचणारी माणसं होती, आणि ते वाचन बाजूला ठेवून नुसता ठराव डोक्यावर घेऊन नाचलं, तर त्यांचं अर्धंच काही आपल्याकडं राहतं. ह्याच गावात १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी अशा गावांतून लोक स्वतःच्या खिशातून साहित्य संमेलनं भरवतात. चिखलातून ग्रंथदिंडी काढतात. ती दिंडी कपाटात बंद करून ठेवायला काढत नाहीत.

"बरं," बंड्या जरा खाली आला, "वाचायचंच तर मराठीतून वाचा. कानडी अक्षरं कशाला?"

"मराठीतून वाच, माझं काही म्हणणं नाही," मेघा म्हणाली. "भैरप्पांचं 'पर्व' घे. सगळं महाभारत, खरं एक चमत्कार नाही. सुरुवात कुठं होते माहिती आहे? म्हाताऱ्या शल्याच्या घरात. युद्धाची बातमी आलीय आणि घरात काळजी नातीच्या लग्नाची. ते मराठीत आणलं उमा कुलकर्णींनी. बेळगावच्याच त्या. कानडी त्या वाचत नाहीत. नवरा मोठ्यानं वाचून टेप करायचा आणि त्या ऐकून ऐकून मराठीत लिहायच्या. एवढाली पुस्तकं! 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला साहित्य अकादमी मिळालं. कानानं कानडी आणि हातानं मराठी, हे आपल्याकडच्याच माणसाला जमतं. आपल्याजवळ दोन दारं आहेत, बंड्या. पुण्याच्या माणसाला एकच. आणि तू एकाला आतून कडी घालून बसलायस."

हे ऐकून सुऱ्यानं हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं आणि ते पिशवीत न घालता मांडीवर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

मग माझी पाळी आली. मी सध्या महादेव मोरे परत वाचतोय.

"कोण मोरे?" बंड्यानं विचारलं.

मला राग आला, आणि मी तो गिळला नाही. "निपाणीचे महादेव मोरे. सीमाभाग, सीमाभाग म्हणून तू घसा कोरडा करतोस. त्या सीमाभागातला माणूस ज्यानं कागदावर आणला, त्याचं नाव तुला माहीत नाही. पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिला तो माणूस. गॅरेजमधली ऑइलानं काळी झालेली पोरं, ट्रकवाले, तंबाखूच्या वखारीतल्या बाया. तो खकाणा नाकातोंडात जाऊन दिवसभर शिंकत-खोकत काम करणाऱ्या बाया. निपाणी म्हटलं की तुला १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवतं, ते आठवायलाच पाहिजे. खरं आंदोलन नसतं त्या दिवशी तिथली माणसं कशी जगतात, कशावरून भांडतात, उधारी कशी मागतात, हे मोऱ्यांनी लिहिलं. आणि भाषा कसली! आपण इथं आत्ता बोलायलोय तीच. तिकडच्या कुणाला वाचता येईल का, याची काळजी न करता लिहिलेली."

"मग प्रसिद्ध का नाहीत?"

"तू वाचत नाहीस म्हणून," मेघा म्हणाली.

मोऱ्यांची पुस्तकं आज शोधायला गेलं तर धडपड करावी लागते. मी वाचतोय ती प्रत जुन्या बाजारातून आणलेली आहे, पहिलं पान नाही. तीच मी पुढं फिरवणार आहे, आणि बंड्याच्या कपाटात ती जाणार नाही याची काळजी घेणार आहे. जी. ए. बेळगावात शिकले, धारवाडात शिकवलं. इंदिराबाई संत इथं राहिल्या, इथं लिहिलं. त्यांची नावं निदान चौकाचौकात निघतात. गिरणीवाल्या लेखकाचं नाव कट्ट्यावरही निघू नये, हे मला लागतं.

"माझं विचारा की कुणीतरी," अण्णा म्हणाले.

अण्णांचं सगळ्यांना पाठ आहे. ते 'वनवास' वाचतात. मग 'शारदा संगीत', मग 'पंखा', मग 'झुंबर', आणि संपलं की परत 'वनवास'. प्रकाश नारायण संतांचा लंपन हा त्यांच्या लेखी गल्लीतलाच पोरगा आहे. मालिका आली तेव्हा ते मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून बघायचे आणि मध्येच चहा उतू जायचा.

"अण्णा, दुसरं काहीतरी वाचा की," सुऱ्या म्हणाला.

"दुसरं वाचलं की त्या पोराची आठवण येते. आजी-आजोबांकडं राहिलेला पोरगा, आईबाप लांब. मीही तसाच वाढलो, कणकुंबीला. मला ते कुणी विचारलं नव्हतं कधी. त्या पुस्तकानं विचारलं."

यावर कुणी चेष्टा केली नाही. बंड्यानंही नाही. उलट तोच म्हणाला, "अण्णा, 'वनवास' माझ्याकडं आहे. कोरं. देतो तुम्हाला."

"किल्ली?" सुऱ्यानं विचारलं.

"कुलूप तोडतो आज. बायको म्हणते किल्ली हरवली, हरवली. मी ग्राइंडरवाला बोलावतो."

"ग्राइंडर कशाला, मी आणतो की शॉपमधून. माझं 'गणगोत' पण सुटेल."

मेघाला ठसका लागला. चहा नाकात गेला. ती डोळे पुसत म्हणाली, "सुऱ्या, ग्राइंडर नको आणू. बंड्या, कुलूप तोडू नकोस बाबा. किल्ली हरवलेली नाही."

"म्हणजे?"

"तुझी बायको आमच्या भिशीत आहे. यंदा पहिला नंबर तिचा लागला. पैसे ठेवू कुठं म्हणाली. मी म्हटलं, घरात अशी एक जागा बघ, जिथं बंड्या कधीच हात घालत नाही."

"कुठं ठेवलेत?"

"'श्रीमान योगी'च्या मागं."

सुऱ्या हसता हसता कट्ट्यावरून खाली बसला. अण्णांनी स्टोव्ह बंद केला, कारण त्यांचा हात थरथरत होता. बंड्या उठला, छत्री तिथंच विसरून पावसातून गाडी चालू करायला लागला, आणि मागून अण्णा ओरडले, "बंड्या, भिशी सापडली की माझे दोन चहाचे पैसे!"