झिरो माईलवरून समुद्र कोणीकडे हाय बे?

आमचा कट्टा म्हणजे आठ रस्ता चौकापासून दोन मिनिटांवरची एक चहाची टपरी आणि तिच्या बाजूला कायमच्या बंद पडलेल्या दुकानाची पायरी. रात्री साडेनऊला जमायचं आणि काका स्टोव्ह विझवून "चला, घरी जा आता" म्हणेपर्यंत बसायचं, हे पंधरा वर्षं सुरू आहे. परवा रोशन आला तोच मोबाईल पुढे धरून. त्याच्या साळ्यानं मालदीवहून स्कूबाचा, म्हणजे पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली फिरायचा, रील टाकला होता, निळंशार पाणी, मागून कासव चाललंय, आणि साळा हात हलवतोय.

"फेब्रुवारीत आपणबी जायचं. सगळे. एक बार तं पाण्याखाली जाऊन पाहू बे."

फेब्रुवारी ठरायला अडीच सेकंद लागले, कारण सुध्या सरकारी नोकरीत आहे आणि डिसेंबरात अधिवेशन असतं, तेव्हा त्याला सुट्टी मागायची सोय नाही. कुठे जायचं ते मात्र रात्री पावणेबारापर्यंत ठरलं नाही.

आता नागपूरचा माणूस समुद्राबद्दल भांडतो तेव्हा त्यात एक गंमत असते, की त्याला कुठलाच समुद्र जवळचा नसतो. झिरो माईलच्या खांबाला पाठ लावून कोणत्याही दिशेला निघा, सारखंच लांब. आपला समुद्र म्हणजे फुटाळा तलाव. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या लोकांसारखं "वीकेंडला जाऊन येऊ" हा प्रकार नाही, जायचं तर चार-पाच दिवस काढून, आणि म्हणूनच प्रत्येकजण आपापलं बेट सोडायला तयार नव्हता.

सुध्याचं म्हणणं मालवण. "मडगावच्या गाडीत बसायचं, कुडाळले उतरायचं, तिथून मालवण काही लांब नाई. सिंधुदुर्ग किल्ला पाहून होते, सुरमई खाऊन होते, विमानाचं झंझट नाई. कायले पैसे उधळता?"

मालवण म्हटलं की मला बोलावंच लागतं, कारण पायरीवर बसलेल्या चौघांत स्कूबा केलेला मी एकटा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गेलो होतो. फॉर्मवर न वाचता सही केली (सगळ्यांनी केली), आधीच्या माणसाचा ओलागच्च सूट चढवला, बोटीवर पाच मिनिटांत सगळं शिकवून झालं, आणि मग एका पोरानं माझ्या पाठीवरचा सिलिंडर मागून धरून मला खाली नेलं. पाणी कसलं, कोकमात दूध घातल्यासारखं. हात लांब केला तर बोटं दिसायची, त्यापुढे अंदाज. कान असे ठणकले की वाटलं कोणी पेन खुपसून राह्यलं. मग नाक चिमटीत धरून फुंकर मारायची आठवण झाली, कानात टुक् झालं आणि बरं वाटलं. तेवढ्यात त्या पोरानं पिशवीतून ब्रेड काढला आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या तोंडासमोर असे जमले, जसे लग्नात पाणीपुरीच्या स्टॉलवर लोक. मला भारी वाटलं म्हणून मी अंगठा वर केला. मस्त!

त्यानं मला सरळ वर आणलं.

वर येऊन विचारतो, काय झालं? म्हटलं काही नाही. परत खाली. परत मासे, परत मी खूश, परत अंगठा, परत वर. तिसऱ्या वेळी त्यानं पाण्याखालीच माझा अंगठा मुठीत दाबला आणि दुसऱ्या हाताने बोटांचा गोल करून दाखवला, असं करायचं. पाण्याखाली अंगठा म्हणजे "वर चल", ठीक आहे म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनीचा गोल. हे बोटीवर सांगितलं असेल, मी तेव्हा सूटची चेन ओढत होतो. पंधरा मिनिटांचे पैसे घेतले आणि ही वर-खाली यात्राही त्याच पंधरात मोजली, तो राग अजून आहे.

"पाय, म्हणून मालवण नको," पक्या म्हणाला.

इथे वैशाली आली. वैशाली आमच्या शाळेतली, दातांची डॉक्टर, क्लिनिक बंद करून जाता जाता स्कूटी लावून चहा पिते. तिनं तीन वर्षांपूर्वी अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर पूर्ण कोर्स केला आहे, ओपन वॉटर, म्हणजे 18 मीटरपर्यंत जायचं कार्ड तिच्याकडे आहे. तिनं आधी माझीच काढली.

"चूक मालवणची नाही, तुझी. पावसाळा तोंडावर आला की लाटा वाढतात, खालची वाळू उसळते, तेव्हा काय दिसणार? हिवाळ्यात जायचं होतं. तारकर्लीला एमटीडीसीची संस्था आहे, तिथं रीतसर शिकवतात. आणि तो ब्रेड टाकायचा प्रकार मला अजिबात आवडत नाही, माशांना काय मैदा खायची सवय लावता?"

सुध्यानं असा चहा प्यायला जसा खटला जिंकला.

मग मी माझं घोडं दामटलं, नेत्राणी. कर्नाटकात मुर्डेश्वरला जायचं, तिथून साधारण 19 किलोमीटरवर बेट आहे, पाणी मालवणपेक्षा स्वच्छ, आणि किनाऱ्यावर 123 फुटांचा महादेव, म्हणजे घरी सांगताना देवदर्शनाला चाललो म्हणता येतं. पण बोटीत तास-दीड तास लागतो हे तोंडातून निघालं आणि पक्यानं सुध्याकडे बोट केलं. "हा चिखलदऱ्याच्या वळणावर ओकते बे. ह्याले तास-दीड तास बोटीत?" नेत्राणी तिथंच बुडालं.

रोशन मालदीववरून लक्षद्वीपवर आला होता तोवर. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधानांचे स्नॉर्केलिंगचे (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघायचं) फोटो आले तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते आहेच. कोचीहून अगत्तीचं विमान, प्रवेशाचं परमिट, राहायच्या जागा मोजक्या, हे सगळं त्यानं वाचून दाखवलं आणि शेवटी वैशालीनं फक्त एवढंच सांगितलं, की बंगाराम बेट सोडलं तर तिथं दारूबंदी आहे.

"चला, पुढे बोला," पक्या म्हणाला.

पुढे म्हणजे अंदमान, पक्याचं. त्याचा प्लॅन तयार होता. चार दिवस, चौथ्या दिवशी पहाटे शेवटची डायव्ह, दुपारी फेरी, संध्याकाळचं विमान. एक मिनिट वाया नाही. वैशालीनं कप खाली ठेवला.

"मरायचं आहे का?"

तिनं जे सांगितलं ते मला नीट समजलं ते असं. सुध्या सारखा "ऑक्सिजनचा सिलिंडर" म्हणत होता, तर त्यात नुसता ऑक्सिजन नसतो, आपली साधी हवाच असते, गाळून 200 बारपर्यंत दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन तर सहा मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो. 10 मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो, त्या दाबात हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो, आणि भसकन वर आलं की तो बुडबुडे होऊन बाहेर पडायला बघतो. सावजीचं हाणल्यावर सोड्याची बाटली फोडतो ना आपण, तसं, फक्त बाटली म्हणजे तुमचे सांधे. म्हणून वर येताना सावकाश यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. आणि विमानात दाब जमिनीपेक्षा कमीच असतो, म्हणून एकच डायव्ह केली असेल तर किमान 12 तास आणि जास्त केल्या तर किमान 18 तास विमानात बसायचं नाही. बरेच लोक 24 धरतात.

"मंग रेल्वेनं आलेलं बरं, मी काय म्हणत होतो," सुध्या.

"रेल्वे ठीक. पण डायव्ह झाली आणि लगेच गाडी काढून आंबोलीचा घाट चढलास तर तेही बरं नाही. 300 मीटरच्या वर जायचं तरी विचार करावा लागतो."

रोशननं तेवढ्यात मोबाईलवर पाहिलं. "नागपूरच 310 मीटरवर हाय."

"म्हणजे आपल्याले घरीच येता येत नाई?"

काका स्टोव्हपाशी उभे राहून हसत होते. वैशाली म्हणाली, अरे दिवसभर गाडीत बसून येणार ना तुम्ही, तोवर सगळं निघून जाते. पण दहा मिनिटं "आपण डायव्हर लोक नागपुरात राहू शकत नाई" यावरच गेली.

तिचा प्लॅन साधा होता आणि खरं सांगायचं तर इथेच माझं मत फिरलं. पोर्ट ब्लेअरला उतरा (सुध्यानं मध्येच दुरुस्ती केली, 2024 पासून श्री विजयपुरम, आणि हॅवलॉक 2018 पासून स्वराज द्वीप, सरकारी माणूस), त्याच दिवशी फेरीनं हॅवलॉक, तिथं तीन रात्री. डायव्ह सकाळी, जेवढ्या करायच्या तेवढ्या. मग परत, आणि शेवटचा अख्खा दिवस सेल्युलर जेल. जेल पाहायचंच असतं, नायट्रोजनही निघून जातो, विमान दुसऱ्या दिवशी. ज्याला पक्या वाया गेलेला दिवस म्हणत होता तोच दिवस कामाचा निघाला. फेब्रुवारी ते एप्रिल तिथला समुद्र शांत असतो, पंधरा-वीस मीटर लांबचं दिसतं. माझ्या कोकमाच्या पाण्यानंतर हे ऐकून मी नेत्राणीचा हट्ट सोडला. मालवण वाईट नाही, हिवाळ्यात दोन दिवसांसाठी मी परत जाईनही, पण नागपूरहून एवढं लांब जायचंच आहे तर एक बार नीट दिसू द्या की.

सुध्या पैशावर अडला. त्याचं खोटं नाही, विमानाचं तिकीटच मालवणच्या अख्ख्या ट्रिपएवढं होते. पण मग डायव्हच्या आधी भरायच्या तब्येतीच्या फॉर्मचा विषय निघाला आणि वैशाली एकेकाला विचारायला लागली, दमा? कानाचं ऑपरेशन? बीपी? सुध्याच्या कानाच्या पडद्याला लहानपणी भोक होतं, ते शिवलेलं आहे, हे आम्हाला पंधरा वर्षांत परवा कळलं. तू आधी ईएनटीकडे जा, तो लिहून देईल तर खाली, नाहीतर वरून स्नॉर्केलिंग, असं तिनं ठणकावलं. मालवणला जाऊनसुद्धा ह्याला हेच करावं लागलं असतं, म्हणजे गावावरून भांडण करून काय उपयोग झाला?

आणि पोहणं! एकदाच खाली जाऊन यायला पोहता यायची गरज नाही हे खरं, जास्तीत जास्त 12 मीटर, माणूस धरूनच नेतो. पण रोशनला वैशालीसारखं कार्ड पाहिजे, त्याला 200 मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. रोशन म्हणे शिकतो. कुठं? थंडीत? ह्या वर्षी तो आंघोळ गरम पाण्यानं करूनही कुडकुडतो.

शेवटी राहिला पक्या. दोन तास झाले, गालात खर्रा (सुपारी-तंबाखूचा), बोलताना अर्धं समजते अर्धं नाही. "आपलं काहीच नाई, ना दमा ना बीपी," म्हणे. वैशालीनं सांगितलं, तोंड उघड आणि तीन बोटं उभी घाल. आधी खर्रा थुकून ये.

तो गेला, नालीत थुंकला, आला, बोटं उभी केली. दोन गेली. तिसरी दाताला अडकली. त्यानं जोर लावला, डोळ्यात पाणी आलं, पण नाही.

वैशाली हसली नाही. "सुपारीनं गालाच्या आतलं मांस कडक होते. आत्ता दोन बोटं आहे, खात राहिलास तर एक होईल. सिलिंडरची हवा ज्यातून ओढायची त्या रेग्युलेटरचा रबर दातांत धरून तास-तास श्वास घ्यायचा असतो पक्या, ते सोड, मला तुझी दाढ तपासायला आरसा कुठून घालायचा? उद्या क्लिनिकवर ये. पैसे नको देऊ."

काही वेळ कोणी बोललं नाही. काकांनी स्टोव्ह विझवला. सुध्या म्हणाला, मी तिकिटं नाई काढणार आत्ता, आधी कान. रोशन म्हणाला, मी विमानाचे रेट पाहून ठेवतो. पक्यानं खिशातली खर्ऱ्याची पन्नी काढली, हातात धरली, आणि परत खिशात टाकली.

काल रात्री साडेअकराला ग्रुपवर त्याचा मेसेज आला. "वैशालीकडे जाऊन आलो. तोंडाचा व्यायाम दिला हाय. तुम्ही हॅवलॉकचं बुक करा बे, माह्या नावाचं पैसे परत मिळणारं काढा."