निवृत्त घोड्याला भेटायला येताय? या, या!

आमच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा आहे, ही बातमी डिचोली ओलांडून पार पणजीला पोचलेली दिसते. रविवारी दुपारी जेवून नेमका डोळा लागला की फाटकापाशी हॉर्न वाजतो. मी घरी नसलो तरी तुमचं अडू नये, म्हणून चार सूचना लिहून ठेवतोय.

आल्या आल्या त्याने किती पैसे मिळवून दिले ते विचारा. मग 'डर्बी मारली का?' इंडियन डर्बी ही मानाची शर्यत मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होते, 2400 मीटरची, आणि ती फक्त चार वर्षांच्या घोड्यांसाठी. म्हणजे जन्मात एकदाच संधी. त्या वर्षी आमचा पुढच्या पायाची शीर दुखावून पागेत उभा होता. नंतर तीन वर्षं धावला, पुण्याच्या पावसाळी मोसमात ओल्या ट्रॅकवर चार शर्यती जिंकला. पण हे ऐकत बसू नका. 'म्हणजे डर्बी नाही' म्हणा आणि फोटो काढायला लागा.

शर्यतीच्या कार्डावर त्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. आमच्या आईने पहिल्याच दिवशी 'तांबडो' म्हणून हाक मारली, त्याने कान टवकारले, विषय संपला. तुम्ही मात्र 'चल मेरे घोडे' म्हणा.

मागून हळूच जाऊन ढुंगणावर थाप मारा. सरळ मागचं त्याला दिसत नाही, त्यामुळे गंमत चांगली जमते.

लग्न ठरलंय? वरातीला न्या की! समुद्रकिनाऱ्यावरचं रिसॉर्ट, चाळीस ढोल, डोक्यावर फटाके, आणि खाली धाडकन गेट उघडलं की पळायचं, एवढंच शिकलेला साडेचारशे किलोंचा जीव. नवरामुलगा वेळेच्या आधी मांडवात पोचेल याची हमी.

इतिहासाची आवड असेल तर तीही दाखवा. एका गृहस्थांनी मला उभ्या उभ्या सांगितलं, 1510 नंतर अरबी घोड्यांचा व्यापार गोव्यात पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि विजयनगरचे राजे घोड्यांसाठी भरमसाट पैसे मोजायचे. खरं आहे. मग म्हणाले, 'ह्याचे किती येतील?'

खाऊ जरूर आणा. काय चालतं ते विचारू नका, विचारलं की त्यातली माया जाते. यंदा गणपतीत, चवथीच्या तिसऱ्या दिवशी एक कुटुंब आलं. मी आत चहा टाकत होतो. तेवढ्यात त्यांनी प्रेमाने पिशवीभर शिळे पाव, उरलेल्या नेवऱ्या आणि कुठल्याशा बंगल्याच्या लॉनवरचं कापलेलं गवत तांबड्याला चारलं. ते गवत दिवसभर गोणीत कोंडून गरम झालेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी चहाचे कप घेऊन बाहेर आलो तेव्हा गोणी रिकामी होती.

रात्री नऊला तो खुराने जमीन उकरायला लागला. वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघायचा. मग घाम, मग लोळण. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, हे ठाऊक आहे का तुम्हाला? एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं, आणि आत गेलेलं तोंडावाटे परत येत नाही. वायू धरला, आतडं पिळलं की खेळ आटोपतो. डॉक्टर भर पावसात आले, नाकातून नळी घातली, इंजेक्शन दिलं, आतड्याचा आवाज ऐकत राहिले. मी त्याला धरून साडेनऊपासून पहाटे चारपर्यंत माडांखालून फिरवत होतो. मधेच तो थांबायचा आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवायचा. तेरा वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. भारी मानी आहे तो. चार वाजता त्याने लीद टाकली. लीद बघून ढसाढसा रडणारा माणूस तुम्ही बघितला नसेल. त्या रात्री आमच्या आईने बघितला.

दुसऱ्या दिवशी त्याच पाहुण्यांचा फोन. 'बरा आहे ना? पण पोरांना काय मजा आली!'

मजा. तुमच्या पोरांना कोणी ओळखपाळख नसताना गोणीतलं काहीबाही भरवलं असतं तर पोलीस चौकी डोक्यावर घेतली असती तुम्ही. नुसता मिरवायला घोडा हवा असेल तर शिगम्यापर्यंत दम धरा. घोडेमोडणीत आमची माणसं कमरेला लाकडी घोडा बांधून ढोलावर नाचतात. त्याच्यासोबत हवे तितके फोटो काढा. त्या घोड्याला पोट नसतं.

आणि 'आता ह्याचा उपयोग काय?' हे मला पुन्हा विचारू नका. दोन वर्षांचा होता तेव्हापासून पहाटे उठवून पळवलाय त्याला. पाठीवर जॉकी, कानात गर्दीची बोंब, आणि पैसे लावणारे तुमच्या-माझ्यासारखे. मीही लावले, जिंकलोही. निवृत्त घोड्यांतले कित्येक वरातींत आणि टांग्यांना जुंपले जातात, हे मी त्याच पागेत उभा राहून बघितलंय. हा तिथे जाणार नाही. हा इथे खाईल, खरारा करून घेईल, आणि माझ्याशी हवं तेव्हा रुसेल. तुमच्या घरातले म्हातारे काय उपयोगाचे आहेत म्हणून ठेवलेत का?

आता फाटकाला कुलूप आहे. यायचंच असेल तर आधी फोन करा. गाजरं आणा, माझ्या हातात द्या, मी उभी चिरून देईन, गोल चकत्या घशात अडकतात. आणि हॉर्न वाजवू नका. दुपारी तो फणसाखाली उभ्या उभ्या झोपलेला असतो.