साहेबांचे दोन शब्द झाले असतील तर परेड सुरू करू का?

एनसीसीच्या कंपनीचा सीनियर अंडर ऑफिसर (एसयूओ, म्हणजे कॅडेटांमधला सगळ्यात वरचा) बदलायला लागतं काय हो असं? एक मैदान, वेळेवर फॉल-इन झालेली पोरं, एनसीसीचा तिरंगी झेंडा (लाल, गडद निळा, आकाशी) आणि बटालियनचे सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब. जुना एसयूओ परेड आणतो, रिपोर्ट देतो, झेंडा नव्याच्या हाती सोपवतो. सीओ नव्याच्या खांद्यावर रँक चढवतात. पुढचा ‘परेड, सावधान’ नव्या आवाजात येतो. वीस-पंचवीस मिनिटांत विषय संपला! पण या वीस मिनिटांच्या कार्यक्रमाच्या नियोजनात कॉलेजचा एनसीसी अधिकारी म्हणून माझ्या तोंडाला फेस आलाय. कारण कॉलेज म्हटलं की कार्यक्रम नसतो, ‘सोहळा’ असतो.

कॉलेजच्या समितीच्या पहिल्याच बैठकीत मी एका कागदावर क्रम लिहून नेला. त्यावर पहिला प्रश्न: दीपप्रज्वलन कुठंय? मग सरस्वतीपूजन. मग ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत, पुन्हा मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार. कागद भरला तेव्हा परेड खालून तिसऱ्या ओळीत गेली होती, आणि तिच्यापुढे कंसात ‘वेळ असल्यास’.

तारखेचं तर विचारूच नका. माझा जाणारा एसयूओ सीडीएसची (फौजेत अधिकारी व्हायच्या परीक्षेची) लेखी पास झालाय, भोपाळला एसएसबीची, म्हणजे निवड मुलाखतीची तारीख आलीय. तिथं पाच दिवस जाणार, म्हणून त्याच्या आधीचा शनिवार धरला. सीओ साहेबांना विचारलं, ते एका फोनमध्ये हो म्हणाले. एक कर्नल फौजेचा सगळा व्याप सांभाळून हो म्हणतो! पण प्रमुख पाहुण्यांच्या पीएचा निरोप आला: साहेबांचं शनिवारी लग्न आहे. म्हणजे साहेबांचं नाही, कार्यकर्त्याच्या पोराचं. झालं, तारीख बदला. मी म्हटलं, ज्याच्या हातून झेंडा द्यायचाय तो पोरगाच नसेल. तर उत्तर काय मिळालं? ‘मग दुसऱ्या कोणाच्या तरी हातून द्या की, झेंडा तोच आहे ना.’ यावर काय बोलायचं तुम्हीच सांगा.

रायफलींचं वेगळंच. सलामी शस्त्रसाठी डीपी (ड्रिल पर्पज) रायफली लागतात. कवायतीच्याच त्या, गोळी सुटत नाही, तरी बटालियनच्या कोतातून (शस्त्रागारातून) काढायच्या तर पत्र, गाडी, सोबत पीआय स्टाफ (फौजेतले प्रशिक्षक), मोजून घ्या, मोजून परत करा, सह्या. ठीक आहे, ते व्हायलाच पाहिजे. पण त्या पत्रावर सही मागायला गेलो तर ऐकायला मिळालं, ‘बंदुका कशाला? शोभेला लेझीम आहे की.’ आठवड्याने तेच गृहस्थ म्हणाले, ‘बंदुका आणाच, फोटो भारी येतो.’

फ्लेक्स बघितला? बारा फुटी. वर सात चेहरे, सगळे हात जोडून. नवी एसयूओ कुठंय म्हणून शोधत होतो. खाली उजव्या कोपऱ्यात, छपाईवाल्याच्या मोबाइल नंबरच्या वर, पासपोर्ट फोटोएवढी, आणि आडनावात चूक.

हीच ती पोरगी. परेडच्या दिवशी वाडीवरून पहिल्या एसटीनं येते, गणवेश घडी करून पिशवीत, कारण एसटीत उभं राहून इस्त्री मोडते. मुलींच्या खोलीत बदलते, बेरेटवरचा लाल हॅकल (पिसांचा तुरा) बोटांनी सारखा करते आणि सगळ्यांच्या आधी मैदानावर असते. एनसीसीच्या बी सर्टिफिकेट परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते. तिची एकही परेड बुडालेली मला आठवत नाही. लान्स कॉर्पोरलच्या एका फितीपासून वर आलीय. देहरादूनच्या लष्करी अकादमीत पासिंग आउट झालं की आईवडील पोरांच्या खांद्यावर स्टार लावतात. तेच डोक्यात ठेवून मी सुचवलं की एका खांद्यावर सीओ साहेब रँक लावतील, दुसऱ्यावर तिची आई. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, त्या दिवसाची मजुरी बुडवून येणार आहे. समितीनं ठराव केला: एक खांदा सीओ साहेबांचा, दुसरा प्रमुख पाहुण्यांचा. आणि आई? ‘त्यांना दुसऱ्या रांगेत बसवू, नंतर फोटोला बोलवू.’ पहिली रांग राखीव आहे म्हणे. ज्यांच्यासाठी राखीव आहे, त्यातल्या एकानंही आयुष्यात ‘तेज चल’वर डावा पाय टाकलेला नाही.

आणि पोरांना मजूर समजणं कधी थांबणार? खुर्च्या कोण लावणार? एनसीसीची पोरं आहेत की. पार्किंग? एनसीसी. रांगोळी, पाण्याच्या बाटल्या, शालींचं ताट धरणं? एनसीसी, एनसीसी, एनसीसी. अहो, कार्यक्रम त्यांचा आहे! नवऱ्या मुलाला कोणी मांडवात पंगत वाढायला लावतं का? रंगीत तालमीच्या दिवशी माझी अर्धी प्लॅटून स्टेजला झालर लावत होती आणि सुभेदार साहेब मैदानावर घड्याळ बघत उभे. ते फौजी माणूस, बोलले काहीच नाहीत. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सूत्रसंचालक हा आणखी एक नमुना. तालमीला एसयूओनं ‘परेड’ म्हणून हुकूम उचलला, ‘सावधान’ यायचंय, सगळ्यांचे श्वास रोखलेले, आणि त्या अर्ध्या सेकंदात हा माइकवर: ‘रसिकहो, जोरदार टाळ्या!’ वर्दीला गर्दी आणि गर्दीला दर्दी जुळवलेली चारोळी वेगळीच. निम्मी पोरं सावधान, निम्मी विश्राममध्येच. समजावलं की परेडमध्ये बोलायचं नाही. तर म्हणे, ‘सर, शांतता पडते हो.’ पडू दे ना बाबा! तीच तर ऐकायची असते.

पाहुणे उशिरा येणार हे सगळ्यांनी आधीच धरलंय. पत्रिकेवर दहा, म्हणजे साडेअकरा. खडकवासल्याला एनडीएच्या खेत्रपाल ग्राउंडवर तिन्ही दलांच्या प्रमुखांपैकी कोणी जरी पाहुणा असला तरी ठरल्या मिनिटाला हजर असतो, आणि आमच्या तालुक्यात वेळेवर आलेला पाहुणा हलका समजतात. मार्चचं ऊन, मांडव फक्त स्टेजवर आणि पहिल्या चार रांगांवर. पोरं उघड्यावर, जाड बूट, कडक कांजीचा गणवेश. हवालदार उस्ताद सांगतात, गुडघे ताठ आवळू नका, बुटातल्या बुटात पंजे हलवत राहा, चक्कर येत नाही. गेल्या साली ‘दोन शब्द’ पाऊण तास चालले आणि एक पोरगा आडवा झालाच. त्याला उचलून नेत होते तेव्हा भाषणाचा विषय होता ‘आजच्या तरुणांची सहनशक्ती’.

फेटे राहिलेच. पाहुण्यांना बांधा, खुशाल बांधा. पण नव्या-जुन्या एसयूओंनाही बेरेट काढून फेटा बांधायचा म्हणे, ‘आपली संस्कृती’. वर्दीवर फेटा बांधून ती पोर सीओला सॅल्यूट करणार? यावर मात्र मी आवाज चढवला. तेवढं एक मागे घेतलं.

शेवटी काल प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, सर, तुमचा सोहळा तुमच्या तारखेला करा, फ्लेक्स लावा, चारोळ्या म्हणा. मी माझा हँडिंग-टेकिंग ओव्हर (जुन्याकडून नवीकडे सूत्रं देणं) पोरगा भोपाळला जायच्या आधी, सकाळी साडेसहाला मैदानावर उरकतो. सीओ साहेब यायला तयार आहेत. मांडव नको, माइक नको, खुर्ची एकच, तिच्या आईसाठी. त्यांनी चष्मा काढला, विचार केला आणि वही उघडत म्हणाले, ‘कल्पना चांगली आहे सर. मग साडेसहाच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे कोण बोलवायचे?’