नऊ म्हणजे काय?

रोजच्या रिपोर्टची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, ११ मिनिटं चालायची. म्हटलं, आता एआय आहे ना हाताशी! चॅट उघडला आणि एका दमात विचारलं, ‘क्वेरी हळू चालतेय, काय करू?’

त्याने सात मुद्दे दिले. इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधयादी) लावा, नको ते कॉलम उचलू नका, वगैरे. सातही बरोबर. डॉक्टरला फोनवर नुसतं ‘दुखतंय’ म्हटलं तर तोही ‘पाणी भरपूर प्या’ असंच सांगेल.

मग म्हटलं, बाबा, तूच लिहून दे. दिली. ‘कस्टमर्स’ नावाचं टेबल, त्यात ‘कस्टमर_आयडी’. इतकी सोज्वळ नावं वाचून मला गहिवरूनच आलं. आमच्या टेबलाचं नाव ‘कस्ट_एमएसटी_न्यू२’ आहे. ‘न्यू१’ पण आहे, आणि नुसतं ‘कस्ट_एमएसटी’ पण. कुठलं काढलं की काय कोसळेल हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे तिघांनाही वडीलधाऱ्यांसारखं सांभाळतात.

नावं सांगितली. तर पठ्ठ्याने विंडो फंक्शन (ओळींच्या गटावर हिशेब करायची सोय) घालून क्वेरी दिली आणि सर्व्हरने ती सिंटॅक्स एरर म्हणून तोंडावर फेकली. मी तावातावाने खडसावलं. तो अदबीने म्हणाला, ‘क्षमस्व. आपण कोणतं व्हर्जन वापरता?’

आमचा डेटाबेस मायएसक्यूएल, व्हर्जन ५.७. विंडो फंक्शन आली ती २०१८ च्या ८.० मध्ये. हे मी त्याला सांगितलं होतं का? नव्हतं. त्याने उलट खडसावलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग ताळ्यावर आलो. ‘शो क्रिएट टेबल’ चालवून टेबलांची अख्खी रचना इंडेक्ससकट चिकटवली. जुनी क्वेरी आणि तिचं ‘एक्सप्लेन’, म्हणजे डेटाबेस ती कशी चालवणार याचा आराखडा, चिकटवलं. नमुन्याला ५० खऱ्या ओळी द्याव्यात म्हणून कॉपी केल्या, तेवढ्यात दिसलं की त्यात लोकांचे फोन नंबर आहेत. हात आवरला आणि दहा खोट्या ओळी रचल्या. सगळ्या कशा तपासणीच्या दिवशीच्या वर्गासारख्या: टापटीप, एकही रकाना रिकामा नाही.

एक्सप्लेनमध्ये ‘टाइप’खाली ‘ऑल’ (अख्खं टेबल वाचणार), ‘की’खाली ‘नल’ (रिकामं, म्हणजे इंडेक्स कुठलाच नाही) आणि ‘रोज’खाली ४१ लाख. (हे ‘रोज’ म्हणजे ओळी. पण त्या खरोखरच रोज वाचल्या जात होत्या.) त्याने लगेच बोट ठेवलं: तारखेच्या कॉलमवर इंडेक्स आहे, पण तुम्ही कॉलम ‘डेट’ फंक्शनमध्ये गुंडाळलाय, म्हणून तो वापरलाच जात नाही. कॉलम मोकळा सोडा आणि आजच्या मध्यरात्रीपासून उद्याच्या मध्यरात्रीच्या आतलं सगळं मागा. जाता जाता त्याने रद्द ऑर्डरी वगळायला ‘नॉट इन’ लावलं आणि विचारलं, ‘रद्द_यादीतल्या ऑर्डर नंबरात नल असू शकतो, असं रचनेत दिसतं. प्रत्यक्षात आहेत का?’

मी माझ्या दहा ओळींकडे बघितलं आणि छातीठोकपणे ‘नाही’ लिहिलं.

क्वेरी चालली. दोन सेकंद! मी खुर्चीतून उठलोच. मग निकाल बघितला. शून्य ओळी.

‘नॉट इन’च्या यादीत एक जरी नल शिरला तरी कुठल्याच ओळीबद्दल ‘ही यादीत नाही’ असं डेटाबेस ठामपणे म्हणत नाही, आणि सगळ्याच ओळी गळतात. खऱ्या टेबलात नल मोजले: ३१२. मान खाली घालून कबुली दिली. त्याने नलला न अडखळणारं ‘नॉट एक्झिस्ट्स’ लावून दिलं, वर ‘सांगितल्याबद्दल धन्यवाद’.

आता निकाल आला, वेळेतही आला. तरी शेवटी एक शंका होतीच: ‘स्टेटसमध्ये १, २, ३ आणि ९ दिसतात. ९ म्हणजे काय? ते रिपोर्टमध्ये धरायचे का?’

हे कुठल्याच रचनेत लिहिलेलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर विचारलं. शेजारी म्हणाला, ‘९ ना? ९ला हात लावू नकोस.’ का, ते त्यालाही माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, रद्द असावेत. हिशेबवाल्या मॅडम म्हणाल्या, छे, त्यांचे तर पैसे आलेत. तासभर जुना कोड उपसल्यावर एका कोपऱ्यात कॉमेंट सापडली: ‘९ = तात्पुरते’.

विजयी मुद्रेने टाइप केलं.

तो म्हणाला, ‘उत्तम! साधारण किती दिवस तात्पुरते?’

९ची सगळ्यात जुनी ओळ काढली. २०११.